सर्वांत वाईट पुढारी आणि मंजूचा मामा

मुंबईत आठ दिवस राहून समुद्र न पाहता परत आलेली बाई, अशी सध्या आमच्या कऱ्हाडात माझी ओळख आहे. शाळेतल्या बायका विचारतात, राणीची बाग पाहिलीत? नाही. गेटवे? नाही. मग पाहिलंत तरी काय? मी सांगते, नाहूर, घाटकोपर, मरोळ आणि आरे कॉलनीतल्या म्हशी. त्यांना वाटतं, मी काहीतरी लपवते आहे. लपवण्यासारखं काही नाही, पण सांगण्यासारखं बरंच आहे, म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

मी गेले होते भाचीच्या लग्नाला, १९८७ च्या मे महिन्यात. माझी थोरली बहीण नाहूरला असते. तिची मुलगी मंजू. नवरीला मांडवात मामानं आणायचं असतं, हे तुम्हाला सांगायला नको. मंजूला सख्खा मामा एकच, आमचा दादा. तो अंधेरीला मरोळमध्ये राहतो. बसनं दीड तासाचं अंतर. पण सात वर्षांत दादानं नाहूरच्या घराची पायरी चढलेली नव्हती आणि ताईच्या यजमानांनी, म्हणजे भावोजींनी, दादाचं नाव तोंडातून काढलेलं नव्हतं. भावोजी त्याला ‘अंधेरीवाले’ म्हणत आणि दादा त्यांना ‘नाहूरवालो’.

भांडणाचं कारण असं की, ऐंशी साली ताईकडे सत्यनारायण होता आणि पंगतीत विषय निघाला, स्वातंत्र्यानंतर या देशाला लाभलेला सर्वांत वाईट पुढारी कोण. दादानं एक नाव घेतलं, भावोजींनी दुसरं. आवाज चढले आणि दादा भरल्या पानावरून उठून गेला. ती दोन नावं मी इथं लिहिणार नाही. लिहिली तर हे वाचता वाचता तुमच्याही घरात दोन तट पडतील आणि पुढची हकीकत कोणी वाचणार नाही. एकाला ‘दादाचा’ म्हणू, दुसऱ्याला ‘भावोजींचा’.

नाहूर

ताईच्या घरी पोचले आणि पिशवी उघडली, तर कऱ्हाडहून नेलेल्या कांदा-लसूण चटणीच्या डब्याचं झाकण वाटेत निघालेलं. लग्नासाठी नेलेली मोरपंखी साडी निम्मी लाल झाली होती. ताई म्हणाली, “बरं झालं, आता माझी नेस. तुझी मला कधी आवडली नव्हती.” आमची ताई अशीच बोलते.

नाहूर मला आवडलं. मुंबई म्हणून जी धास्ती घेऊन गेले होते, ती तिथं लागू पडेना. रेल्वेच्या रुळांच्या पूर्वेला मिठागरं, त्यांत मिठाचे पांढरे ढीग. पश्चिमेला पाहावं तर मुलुंडच्या मागची डोंगरांची रांग, उन्हानं करपलेली. मधे ताईची कौलारू बैठी चाळ. दहा बिऱ्हाडांत लग्नाच्या कामांची वाटणी होऊन गेली होती. पापड कोणाकडे वाळत होते, भांडी कोणाकडे ठेवली होती, पाहुणे कोणाकडे झोपणार होते, सगळं ठरलेलं. मला पलीकडच्या गुजराती बेनकडे धाडलं. त्या रोज सकाळी मला विचारल्याशिवाय चहात आलं घालत आणि मग विचारत, आलं चालतं ना? कऱ्हाडात आमच्या घरी चार खोल्या आहेत, पण पाहुणे आले की आम्ही कपाळाला हात लावतो. इथं दहा बाय बाराच्या खोलीतली माणसं पाहुणे मागून घेत होती.

पहिल्याच संध्याकाळी मंजूनं मला नळाजवळ गाठलं. ती मुलुंडच्या एका कचेरीत टायपिस्ट आहे आणि बोलणंही टाइपरायटरसारखंच, खाडखाड.

“मावशी, मामा आला नाही ना, तर मी मांडवात पाऊल टाकणार नाही. आधीच सांगून ठेवते.”

“अगं, चुलत मामा आहे की.”

“चुलत मामानं सायकल शिकवली मला? माझ्या दहावीच्या फीचं काय झालं होतं ते चुलत मामाला माहीत तरी आहे? मी दर महिन्याला मरोळला जाऊन येते. पप्पांना ठाऊक आहे, पण ते विचारत नाहीत. तूच काहीतरी कर यार, नाहीतर वाट लागली.”

मावशीला ‘यार’ म्हणायची मुंबईत पद्धत आहे. मला राग आला नाही, उलट बरं वाटलं.

भावोजी पूर्वी गिरणीत होते, आता एका कारखान्यात स्टोअरकीपर आहेत. नीटस माणूस. खिशाला दोन पेनं, निळं आणि लाल. मी विषय काढला तेव्हा ते मान वर न करता म्हणाले, “अंधेरीवाल्यांना पत्रिका पोस्टानं गेली आहे.”

“मामाला पत्रिका पोस्टानं?”

“पोस्टात टाकताना मी स्वतः तिकीट लावलं,” ते म्हणाले. जणू तिकीट लावलं म्हणजे मोठा मान केला.

माझा स्वभाव असा की, कोणी भांडत असलं की मला तिथं जाऊन उभं राहावंसं वाटतं. चाळीस पोरांची भांडणं रोज मिटवणाऱ्या बाईला दोन म्हाताऱ्यांचं काय जड, अशा गुर्मीत मी दुसऱ्या दिवशी घाटकोपरला जाऊन अंधेरीची बस धरली.

मरोळ

दादा एमआयडीसीत फिटर आहे. त्याची खोली विमानतळापासून फार लांब नाही. विमान डोक्यावरून जाताना तिथली माणसं बोलता बोलता मधेच थांबतात आणि आवाज ओसरला की त्याच शब्दापासून पुढं सुरू करतात. मी आपली प्रत्येक वेळी वर बघत होते. वहिनी म्हणाली, “पोरांवानी काय बघतंस, पान वाढलाहा.”

पानात काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळ्या आणि वर सोलकढी. तळकोकणातलं माहेर सोडून कऱ्हाडात बावीस वर्षं खर्डा-भाकरी खाऊन माझी जीभ देशावरची झाली आहे असं मी समजत होते. पहिल्या घासालाच कळलं, तसं काही झालेलं नाही. मी तीनदा मागून घेतलं. पोट भरल्यावर बोलणी करावीत हा शहाणपणा होता, आणि तो वाया गेला.

“मंजूच्या लग्नाक येतलंस मां, दादा?” मी विचारलं. माहेरच्या माणसांत माझं पहिलं वाक्य आपोआप मालवणीत येतं.

“नाहूरवाल्यान् आदी चार माणसांत सांगूचा...” विमान आलं. दादा थांबला. विमान गेलं. “...काय त्येचो पुढारी देशाची वाट लावून गेलो. मगे इतंय.”

“अरे, मेलेल्या-गेलेल्या पुढाऱ्यांपायी भाचीचं लग्न सोडतोस?”

“त्येका पण ताच विचार.”

आमच्याकडे साखर कारखान्याच्या निवडणुकीत सख्खे भाऊ समोरासमोर उभे राहतात. दिवसभर एकमेकांच्या नावानं सभा गाजवतात आणि संध्याकाळी एकाच जीपमधून घरी येतात. हे मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, “त्येंका कारखानो मिळता. माका काय मिळाचा हा?” मी रागावून झोपले.

आरे

सकाळी दादा म्हणाला, चल, तुला आरे दाखवतो. मरोळहून बसनं थोडं पुढं गेलं की एकदम झाडं सुरू होतात, आणि आपण मुंबईत आहोत यावर विश्वास बसत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना म्हशींचे गोठे, क्रमांक लिहिलेले. शेणाचा, ओल्या वैरणीचा वास. एका पाड्यातल्या बायका डोक्यावर मोळ्या घेऊन चालल्या होत्या, आणि त्यांच्या बाजूनं दुधाची गाडी काचेच्या बाटल्या खुळखुळवत गेली. माझ्या सासरीही म्हशी आहेत, पण त्यांना कोणी क्रमांक दिलेले नाहीत. मी तसं म्हटलं तर दादा हसला. ‘चार दिवसांत हा पहिल्यांदा हसला’ असं लिहिणार होते, पण मी त्याला कालच भेटले होते.

तिथल्या बागेतल्या टेकडीवर बसलो. खाली दूरवर धुरकट शहर दिसत होतं. दादा गवताची काडी चावत होता.

“शोभे, त्या दिवशी तू न्हवतंस. पुढाऱ्यावरसून कोण उठता काय पानावरसून? मी काय येडो?”

“मग?”

“तो माका म्हणालो, सातवी नापासान् देशाच्या गोष्टी बोलू नयेत. पंगतीत. हळूच, कानाकडे. दुसऱ्या कोणाक आयकाक येवक नाय.”

दादा सातवीत नापास झाला, त्या वर्षी आमचे बाबा गेले होते. परीक्षेच्या महिन्यात तो बोटीनं मुंबईला आला आणि एका वर्कशॉपमध्ये लागला. मग ताई मॅट्रिक झाली. मी पुढं डी.एड. झाले, ते त्यानं पाठवलेल्या मनिऑर्डरींवर. आज मी गुरुजींच्या थाटात जे चार शब्द बोलते, ते त्याच्या नापास होण्यावर उभे आहेत. मला तिथं, त्या उन्हात, फार लाज वाटली आणि भावोजींचा संताप आला.

“ताईला सांगितलंस?”

“कोणाक नाय. तायक कळला तर ती त्येच्याबरोबर कसो संसार करतली? तू पण बोलूचा नाय. माझ्या गळ्याची आण.”

म्हणजे सात वर्षं हा माणूस पुढाऱ्याच्या नावानं भांडत राहिला होता, खरं कारण बहिणीला कळू नये म्हणून. आणि आता मलाही तेच करायचं होतं. खरं सांगता येत नाही म्हटल्यावर पुढाऱ्यांचाच निकाल लावायला हवा, असं माझ्या डोक्यानं घेतलं.

येत्या रविवारी नाहूरला आमच्या गावच्या ग्रामस्थ मंडळाची सभा होती. मुंबईतल्या आमच्या गावकऱ्यांना ठरावाचं भारी वेड. देवळाला रंग कोणता द्यायचा इथपासून सभेत चहा की सरबत इथपर्यंत सगळ्याला सूचक आणि अनुमोदक लागतात, आणि एकदा ठराव झाला की तो देवाचा शब्द. मी म्हटलं, “दादा, मंडळानं ठरवलं तर मानशील?”

दादानं काडी टाकली. “मंडळान् ठरवल्यार मानूक व्हया.”

भावोजीही आमच्याच गावचे आणि मंडळाचे सेक्रेटरी. त्यांनी तर लगेच लाल पेन काढून विषयपत्रिकेत लिहिलं, ‘विषय क्र. ४ : देशाच्या इतिहासातील सर्वांत वाईट पुढारी निश्चित करणे.’ त्याच्या वर विषय क्र. ३ होता, देवळाच्या कौलांची दुरुस्ती.

सभा

नाहूरच्या एका शाळेची खोली मागून घेतली होती. पुरुष बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. बायकांना मत नसतं, चहा करण्याचा अधिकार असतो. मी, ताई आणि मंजू मागच्या दाराशी स्टोव्ह पेटवून बसलो. दादा आला आणि सर्वांत मागच्या बाकावर बसला. भावोजी पुढं टेबलाशी रजिस्टर उघडून. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. अध्यक्ष होते तात्या, गावातले सर्वांत वयस्क, पंच्याहत्तरीचे.

कौलं पाच मिनिटांत मंजूर झाली. मग चौथा विषय आला, आणि माझी चूक माझ्या लक्षात यायला तेवढीच पाच मिनिटं लागली. मी समजत होते की भांडण दोघांचं आहे. तिथं तर प्रत्येकाच्या पोटात एकेक पुढारी दबा धरून बसला होता. एकाची खोली कोणाच्या तरी काळात तुटली होती, एकाला कोणाच्या तरी काळात रेशनवर किडका गहू मिळाला होता, एकाच्या मुलाची नोकरी हुकली होती. जो तो उठून आपल्या घरात काय झालं ते सांगे आणि शेवटी नाव घेई. तात्या टेबलावर डस्टर आपटत राहिले. खडूची धूळ उडून सेक्रेटरींना शिंका आल्या.

हात वर करून मतदान झालं. दादाच्याला अकरा. भावोजींच्याला अकरा. एकानं तिसऱ्याच कोणाचं तरी नाव सुचवलं, त्याला अनुमोदक मिळाला नाही. अध्यक्षांनी निर्णायक मत द्यावं अशी मागणी झाली. तात्या म्हणाले, “माका सगळे सारकेच वायट वाटतत. मी कोणाक म्हणू?”

मग दोन्हीकडचे लोक उभे राहिले. कोणीतरी वर्गणी परत मागितली. कोणी म्हणालं, आम्ही वेगळं मंडळ काढतो. दोन घरांचं भांडण मी बावीस घरांचं करून ठेवलं होतं. मंजू माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, “झकास केलंस, मावशी.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी सरळ कऱ्हाडात निघावं.

तात्या उठले. “सभा संपली. गाऱ्हाणा घालूया आणि घराक जावया.”

आमच्या गावाकडची ही रीत देशावरच्या वाचकांना सांगायला हवी. कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय संपत नाही. एकजण हातात नारळ घेऊन ग्रामदेवतेला साकडं घालतो, आणि प्रत्येक वाक्यामागून सगळ्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. सगळ्यांनी होय म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. समोर उभं असलेलं कोणी गाऱ्हाण्यातून वगळायचं नाही, आणि ज्या घरी कार्य असेल त्या घरधन्याचं नाव घ्यायचंच. ही बोलणी कोणीही बोलत नाही. त्याचा मान एका घराण्याचा असतो. आमच्या गावात तो आमचा. आमचे बाबा बोलत, त्यांच्यामागून दादा. सात वर्षं तो आला नाही म्हणून तात्या वेळ भागवत होते. आज मानकरी खोलीत हजर होता. तात्यांनी नारळ उचलला आणि बाकांमधून चालत जाऊन दादाच्या हातात दिला.

दादा उभा राहिला. नारळ दोन्ही हातांत धरला. पहिलं वाक्य आलं तेव्हा मला बाबांचाच आवाज ऐकू आला.

“बा देवा रवळनाथा, ही तुजी लेकरां पोटासाटी ह्या मुंबैत इली, ती आज तुज्या नावान् एकजागी जमली हत.”

“होय म्हाराजा.”

“त्येंच्या कामाधंद्याक, पोराबाळांक सुखी ठेव.”

“होय म्हाराजा.”

“ह्या देशार राज्य करून जे कोण गेले, बरे गेले, वायट गेले, त्येंचो न्याय तुज्याकडे. तेच्यापायी आमच्यात भांडाण नको.”

“होय म्हाराजा.” हे तेवीस गळ्यांतून इतकं एकदम आलं की स्टोव्हवरचा चहा उतू गेला तरी आम्ही हललो नाही.

“माज्या भाचीचा, मंजूचा, लगीन तोंडार इला हा.”

“होय म्हाराजा.”

“तिचो बापूस...” दादा थांबला. तेव्हा एकही विमान जात नव्हतं. खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं की आता नाव घ्यायचं आहे. ताईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

“...वसंत,” दादा म्हणाला. “त्येच्या घरात मी भरल्या पानावरसून उठलंय. माज्या भयणीन् रांदलेला अन्न टाकून गेलंय. ती चूक माजी. ती पोटात घाल रे म्हाराजा.”

दुसऱ्याच्या चुकीला होय कसं म्हणायचं, हे कोणाला कळेना. दादानं आपल्याला सातवी नापास म्हटल्याचा एक शब्द काढला नव्हता. देवासमोरसुद्धा नाही.

मग टेबलाकडून आवाज आला, “नाय म्हाराजा.”

तात्यांनी वळून पाहिलं. गाऱ्हाण्यात ‘नाय म्हाराजा’ कोणी म्हटल्याचं त्यांनी पंच्याहत्तर वर्षांत ऐकलं नव्हतं. भावोजी उभे होते. पेन हातातच होतं.

“चूक माजी, म्हाराजा. ह्येनी उठाक व्हया असाच मी बोललंय. बापूस गेल्यार जेनी शाळा सोडून भयणींका शिकवला, तेका मी पंगतीत शिक्षणावरसून बोललंय. सात वर्सा ह्येनी ता कोणाक सांगूक नाय. मी वाट बघी होतंय, कधी सांगतत आणि कधी माजी अब्रू जाता.”

ताईची पकड सुटली. ती नवऱ्याकडे पाहत राहिली आणि मग भावाकडे.

“गाऱ्हाण्यात मदी बोलू नको,” दादा म्हणाला. “चूक माजी.”

“नाय, माजी.”

“माजी म्हणतंय मां.”

तात्या वैतागले. “अरे, ह्याच्यार पण मतदान घेवचा हा काय? फोड तो नारळ. देवान् तरी किती येळ उभ्यान् ऱ्हवाचा?”

दादानं नारळ दाराच्या दगडी उंबऱ्यावर आपटला. तो पहिल्याच ठोक्यात फुटला. मग कोणी न सांगता सगळ्यांनी पुन्हा एकदा ‘होय म्हाराजा’ म्हटलं आणि खोबऱ्याला हात पुढं केले. मंजू रडत होती आणि वर्गणी परत मागणारा माणूस तिला खोबरं देत होता. भावोजी दादाजवळ गेले. मला वाटलं, आता पाया पडतील किंवा मिठी मारतील. तसं काही झालं नाही. ते म्हणाले, “पत्रिका मिळाली?”

“मिळाली,” दादा म्हणाला. “तिकीट वाकडा लायलंस.”

त्या रात्री ताई भावोजींशी काय बोलली, मला माहीत नाही. मी बेनकडे झोपले होते. सकाळी भावोजींचे डोळे सुजलेले होते. ते स्वतः अक्षता घेऊन मरोळला निघाले होते आणि ताई त्यांची टोपी सारखी करून देत होती.

लग्न चाळीसमोरच्या मांडवात झालं. मुहूर्ताच्या वेळी अख्खं मंडळ लोटलं, अकराही आले आणि दुसरे अकराही, आणि मधली वाट बुजून गेली. गुरुजी ‘मामा, मुलीला आणा’ म्हणून ओरडत होते. पिवळ्या साडीतली मंजू दारात उभी, तिचा हात दादाच्या हातात, आणि पुढं पाऊल टाकायला जागा नाही. तेव्हा नवरीचा बाप बोहल्यावरून खाली उतरला आणि दोन्ही हातांनी माणसं बाजूला सारत, घामानं निथळत, आमच्या दिशेनं वाट करत आला. आवाज बसला होता तरी ओरडत होता, “सरा रे, सरा. मंजूचो मामो येता हा.”